थांबासाहेबांचं तोंड आलं

माणसाला तोंड जन्मापासून असतं, तरी अधूनमधून ते येतं. 'माझं तोंड आलंय' असं कोणी म्हणालं, की ते कुठून आलं असं कोणी विचारत नाही. हिरड्यांना फोड आलेत, तिखट बंद झालंय आणि या माणसाशी दोन दिवस जरा जपून बोलायला हवं, एवढं सगळं त्यातून कळतं. थांबासाहेबांचं तोंड आलं तेव्हा मात्र त्यांनी ते कोणाला कळू दिलं नाही. कारण ते कवळीने आलं होतं, आणि आपल्याला कवळी आहे हे बायको आणि दातांची डॉक्टर सोडून जगात कोणालाही माहीत नाही अशी त्यांची समजूत होती. इमारतीत हे माहीत नसलेला माणूस शोधूनही सापडला नसता, पण ती समजूत मोडायची कोणाची छाती नव्हती.

थांबासाहेब हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. शहर बससेवेच्या चौकशी खिडकीत बसून त्यांनी उभा जन्म काढला. बसमध्ये थांब्यांची नावं ऐकवायची टूम निघाली तेव्हा ज्याचा आवाज घ्यायचा ठरलं होतं तो माणूस आयत्या वेळी फिरकलाच नाही, म्हणून खिडकीतून यांना उचलून माइकसमोर उभं केलं. 'पुढील थांबा, बाजारपेठ. कृपया सावकाश उतरा.' आवाज असा निघाला, की माणसं खरोखर सावकाश उतरायला लागली. तेव्हापासून सगळ्या शहराच्या कानात हाच आवाज होता. निवृत्त झाल्यावर त्यांना घड्याळ मिळालं, ते बंद पडलं. निरोपाची भाषणं झाली, ती लोक विसरले. आवाज तेवढा राहिला. बसमध्ये बसायचं, आपणच आपल्याला थांबा सांगायचा आणि सांगितलेल्या थांब्यावर सावकाश उतरायचं, हे त्यांचं पेन्शनीतलं सुख होतं.

आणि नेमकं तोंड आलेल्या आठवड्यातच कार्यालयातून फोन आला. नवा मार्ग सुरू होतोय, त्याचे चार नवे थांबे बोलायला शुक्रवारी या. फोनवर स्वतः साहेब होते. हे साहेब नवे होते आणि त्यांना जुन्या कशाचंच प्रेम नव्हतं.

"जमणार नसेल तर आत्ताच सांगा," साहेब म्हणाले. "यंत्राचा आवाज तयार आहे. बाईचा आहे. एकदा बसवला की सगळ्या गाड्यांत तोच. मला काय, मी तुम्हाला फक्त संधी देतोय."

"न जमायला काय झालं?" थांबासाहेब म्हणाले. हे वाक्य बोलताना कवळीची खालची कड डाव्या हिरडीत अशी घुसली, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण फोनवर डोळे दिसत नाहीत.

"अहो, तारीख पुढे ढकलायला सांगा की," बायको म्हणाली.

"का म्हणून?"

"तोंड आलंय म्हणून."

"कोणाचं तोंड आलंय?" असं म्हणून ते बाल्कनीत गेले आणि तिथे गाल धरून उभे राहिले.

बायकोने फार वाद घातला नाही, रिक्षा बोलावली. डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिने आरसा घालून बघितलं आणि म्हणाली, "काका, कवळी घासून चांगली जखम झालीय. सहा-सात दिवस ती काढूनच ठेवा. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा. मग इथे यायच्या आदल्या दिवशी एकदा घाला आणि या. कुठे लागते त्याची खूण दिसली की तेवढाच भाग मी घासून देते. आणि रोज झोपताना ती काढायची असते. तुम्ही काढत नाही ना?"

"झोपेत कोणी आलं तर?" थांबासाहेब म्हणाले.

यावर डॉक्टरकडे औषध नव्हतं. कवळी घातली तर जखम आणि काढली तर आवाज नाही, असा पेच होता. थांबासाहेबांनी मधला मार्ग काढला. कवळी घालायची आणि जखम नाही म्हणायचं.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींना कोणाचं काय दुखतंय हे दुखणाऱ्याच्या आधी कळतं. त्या लवंगेच्या तेलाची बाटली घेऊनच खाली आल्या. "आमच्या सासऱ्यांना असंच झालं होतं. एक थेंब लावला की काही कळतच नाही बघा." सासरे आता हयात नव्हते, त्यामुळे त्यांना विचारण्याची सोय नव्हती. 'मला काही झालेलंच नाही' असं थांबासाहेबांनी वहिनींना ठणकावून सांगितलं, आणि त्यांची पाठ वळल्यावर एक नाही, चांगले चार थेंब लावले. त्यानंतर बराच वेळ ते न्हाणीघरात नळाखाली तोंड धरून होते. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. "साबण गेला," ते म्हणाले. बायकोने मान हलवली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने हे एक तंत्र साधलं होतं. मान अशी हलवायची, की होही नाही आणि नाहीही नाही.

समोरच्या दारातले गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते, व्याकरणातून झाले नव्हते. त्यांनी या दुखण्याला शास्त्रीय बैठक दिली. "तुमचं दुखणं हिरडीत नाही, वर्णमालेत आहे," ते म्हणाले. "त, थ, द, ध, न, ल, स. ही सगळी दंत्य अक्षरं. जीभ दातावर टेकली की दात हिरडीवर दाबतो. दंत्य टाळा, दुखणं टळेल. म्हणून बघा काही."

"पुढील थांबा," थांबासाहेब म्हणाले, आणि थ वर त्यांचा डावा डोळा आपोआप मिटला.

"बघा. ल आणि थ, दोन्ही दंत्य. त्याऐवजी 'पुढचं ठिकाण' म्हणा." मग स्वतःच बोट वर करून म्हणाले, "नको. 'पुढचं'मधला च दंततालव्य. अर्धा दुखेल."

थांबे तर आणखी वाईट निघाले. नवीन वसाहत, दूध केंद्र, जलशुद्धीकरण केंद्र आणि प्रसूतिगृह. नाव ठेवणाऱ्याने दंत्य अक्षरं नुसती उधळली होती. गुरुजी संध्याकाळभर बसले आणि त्यांनी एक संपूर्ण निर्दंत्य घोषणा तयार केली: 'पुढे गाडी उभी. बाळघर.' बाळघर म्हणजे प्रसूतिगृह. थांबासाहेबांना ती आवडली नाही, पण हिरडीला आवडली. त्यांनी कार्यालयात फोन लावून, सहज विचारल्यासारखं, नावात थोडा बदल चालेल का म्हणून विचारलं. पलीकडच्या कारकुनाने सांगितलं, की नाव बदलायचं तर ठराव लागतो, ठरावाला सभा लागते आणि सभेला सभासद लागतात, ते सध्या सहलीला गेलेत.

मग गुरुवारी थांबासाहेबांनी करू नये ते केलं. बायको बाहेर गेलेली बघून तिची नखं घासायची कानस घेतली आणि कवळीची ती कड स्वतःच घासायला बसले. मोठा आवाज असलेल्या माणसाचा हात हलका असतोच असं नाही. कड गेली, तिच्याबरोबर शेजारची कडही गेली आणि कवळी तोंडात घातल्यावर ती बैलगाडीच्या चाकासारखी डुलायला लागली. आता हिरडी दुखत होतीच, शिवाय प्रत्येक शब्दानंतर टक्क असा आवाज येत होता. 'पुढील टक्क थांबा टक्क.' हे ऐकून तर कोणी उतरलंच नसतं.

औषधांच्या दुकानात कवळी पक्की बसवायची पावडर मिळते, ही माहिती वहिनींचीच. डबीवर लिहिलं होतं, चिमूटभर. थांबासाहेबांचा चिमटीवर विश्वास नव्हता. शुक्रवारी सकाळी त्यांनी चमचा घेतला. पावडर ओली झाली, फुगली, आणि कवळी अशी बसली की वरचा जबडा खालच्या जबड्याला सोडेना. दात विलग होत होते ते जेमतेम बोटभर.

"आता काढा ती," बायको म्हणाली.

"निघत नाही," थांबासाहेब मिटल्या दातांनी म्हणाले. मग जरा थांबून, "काढायचीच नाही," असंही म्हणाले.

बायको बरोबर निघाली. एकट्याने पाठवण्याजोगा माणूस तो राहिला नव्हता. कार्यालयाच्या फाटकावर पहारेकरी नवा होता. वहीत भेटीचं कारण लिहायला सांगितलं, थांबासाहेबांनी लिहिलं, 'आवाज'. पहारेकऱ्याने वाचलं. "आवाज करायला आत मनाई आहे."

"बसमधला आवाज म्हणजे मी," थांबासाहेब दातांच्या फटीतून म्हणाले.

"बसमध्ये सगळेच आवाज करतात," पहारेकरी म्हणाला. जिथे उभा जन्म काढला त्याच फाटकावर हे ऐकायची वेळ आली. बायकोने त्यांना बाजूला घेतलं, पहारेकऱ्याशी दोन शब्द बोलली आणि दोघं आत गेले. ते दोन शब्द कोणते, हे तिने अजून सांगितलेलं नाही.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे जुनं सामान ठेवायची खोली होती. भिंतींना गाद्या लावल्या होत्या. रेकॉर्डिंग करणारा चाळिशीचा, कानांवर मोठे हेडफोन लावलेला, थकलेला गृहस्थ होता. "एकेक नाव बोला. मध्ये थांबा. तुम्ही थांबलात की यंत्र आपोआप तुकडा तोडतं," तो म्हणाला. थांबासाहेब माइकसमोर उभे राहिले आणि त्यांच्यात काहीतरी सरळ झालं. नवीन वसाहत बोलले. दूध केंद्र बोलले. जलशुद्धीकरण केंद्र बोलले, आणि ते असं बोलले की गाद्यासुद्धा ऐकत राहिल्या असत्या. हिरडी ठणकत होती, मानेवरून घाम उतरत होता. बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर पदर तोंडाशी धरून बसली होती. राहिला एक थांबा.

"पुढील थांबा, प्रसूतिगृह," थांबासाहेब म्हणाले. शेवटच्या ह बरोबर जबडा मिटला, कड पुरती जखमेत बसली आणि तोंडातून निघून गेलं, "आई गं."

पण कसं निघालं ते महत्त्वाचं आहे. इतक्या वर्षांची सवय. माइकसमोर या माणसाच्या तोंडून काहीही निघो, ते त्याच सुरात, त्याच सभ्यतेने आणि मध्ये अजिबात न थांबता निघायचं. त्यामुळे यंत्राला तोडायला जागाच मिळाली नाही. रेकॉर्डिंगवाला हेडफोन सावरत म्हणाला, "छान झालं." त्याला वाटलं, असेल नवीन काहीतरी योजना. उद्यानाच्या थांब्याला नाही का, 'फुले तोडू नका' म्हणतात.

कवळी त्याच दुपारी डॉक्टरने काढली. बराच वेळ लागला. आधी जखम आणि मग कवळी बघून ती म्हणाली, "काका, ही कानस कोणी मारली?" थांबासाहेब छताकडे बघत राहिले. कवळी डॉक्टरने स्वतःच्या कपाटात ठेवून किल्ली लावली. थांबासाहेबांवर तिचा विश्वास उरला नव्हता.

सोमवारी नवा मार्ग सुरू झाला. तोंडाला रुमाल धरून थांबासाहेब बायकोबरोबर खिडकीशी बसले. दूध केंद्र आलं, ठीक गेलं. जलशुद्धीकरण केंद्राला त्यांनी बायकोच्या हाताला हलकेच कोपर लावलं. आणि मग सगळ्या बसने ऐकलं: "पुढील थांबा, प्रसूतिगृह आई गं. कृपया सावकाश उतरा."

मागून कोणीतरी फस्सकन हसलं आणि हसू पुढपर्यंत आलं. थांबासाहेबांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. सगळ्या शहराच्या कानात जपलेला आवाज आणि त्याचं हे झालं. उठून उतरून जावं असं त्यांना वाटलं, पण उतरायचं तर त्याच थांब्यावर उतरावं लागणार होतं. पुढच्या सीटवरून एक बाई उठली, दिवस भरत आलेली. एक हात कमरेवर, एक दांडीवर. तिला हसू आवरत नव्हतं. बरोबरच्या आईला ती म्हणाली, "बघ, निदान बसला तरी कळतंय." आणि खरोखर सावकाश उतरली.

थांबासाहेबांनी रुमालाच्या आत तोंड हलवलं.

साहेबांचं बोलावणं दुसऱ्या दिवशी आलं. बायको म्हणाली, तोंड बरं होऊ द्या, मग जा. थांबासाहेबांनी चप्पल घातली. रुमाल खुंटीवरच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस बिनदातांचा, गाल आत गेलेले, असा भर रस्त्याने निघाला, आणि वहिनी जिन्यात भेटल्या तर त्यांनाही तोंड चुकवलं नाही. फाटकावर पहारेकऱ्याने नाव विचारलं. "हांबाहाहेब," ते म्हणाले. पहारेकरी हसला नाही. त्याने वहीत लिहून घेतलं, हांबाहाहेब.

साहेबांनी खुर्चीही दिली नाही. "खात्याची शोभा झाली. लेखी माफी द्या आणि आत्ता, या क्षणी, ते नाव नीट बोलून द्या. नाहीतर सगळ्या गाड्यांवर यंत्राची बाई. तिला दातच नाहीत, त्यामुळे तिचे दुखतही नाहीत."

आता थांबासाहेबांच्या तोंडात एकही दात नव्हता आणि जवळ एकही दंत्य अक्षर नव्हतं. जे उरलं होतं त्यात ते जे बोलले ते इथे शुद्ध करून देतो. ते म्हणाले, "दुखलं म्हणून ओरडलो. दुखल्याची माफी मी मागणार नाही. चार थांबे मागितलेत, चार दिले. एक आई गं वर दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. तोंड बरं झालं की नाव पुन्हा बोलेन. त्याआधी नाही." आणि उलट पावली निघाले. जिन्यात आल्यावर ते थोडा वेळ पायरीवर बसले. आपला आवाज आपण आत्ता स्वतःच्या तोंडाने घालवून आलो, हे त्यांना तिथे बसल्यावर कळलं. फार वाईट वाटलं. तरी परत वर गेले नाहीत.

आठवडा सरायच्या आत सगळ्या गाड्यांवर यंत्राची बाई बोलायला लागली. थांबासाहेबांनी बसमध्ये बसणं सोडलं. कोमट पाणी, मीठ आणि गुळण्या एवढंच आयुष्य राहिलं. जखम भरत आली, लाल होती ती गुलाबी झाली. डॉक्टरने कपाट उघडून कवळी दिली, एक दिवस घालायला लावली, हिरडीवरची खूण बघितली, नेमकी तेवढी जागा घासली, आणि कानशीने उडवलेली कड पुन्हा भरून दिली. कवळी अशी बसली की तोंडात आहे हे आठवेना. थांबासाहेब आता रोज झोपताना ती काढून वाटीत ठेवायचे. कोणी आलं तर येऊ दे, असं ते म्हणायचे. पण बोलायचं काय आणि कुठे?

बसमध्ये मात्र निराळंच चाललं होतं. यंत्राची बाई कोरड्या आवाजात म्हणायची, "पुढील थांबा, प्रसूतिगृह." आणि सगळी बस एका सुरात पूर्ण करायची, "आई गं." तिकीट काढताना लोक 'दोन आई गं द्या' म्हणायला लागले आणि वाहक निमूट द्यायला लागले. साथ इतर मार्गांवर पसरली. 'वीजबिल भरणा केंद्र' आलं की आई गं. 'न्यायालय' आलं की आई गं, तेही मनापासून. साहेब आपल्या वरच्या मोठ्या साहेबांना नवं यंत्र दाखवायला मुद्दाम याच मार्गावर घेऊन गेले. प्रसूतिगृहाला सगळ्या बसने आई गं म्हटलं. मोठे साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. "आणि ते मूळचे गृहस्थ कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

साहेबांचा फोन आला तेव्हा थांबासाहेब मटार सोलत होते. जुना आवाज परत लावतोय, साहेब म्हणाले, फक्त प्रसूतिगृह पुन्हा बोलून द्या, ते दोन शब्द वगळून.

"ते दोन वगळायचे असतील तर तिसरा मलाही वगळा," थांबासाहेब म्हणाले आणि मटार सोलत राहिले. मग साहेब म्हणाले, "बरं, या."

तीच खोली, त्याच गाद्या, तोच थकलेला गृहस्थ. बायको त्याच स्टुलावर. "पुढील थांबा, प्रसूतिगृह आई गं," थांबासाहेब म्हणाले. रेकॉर्डिंगवाल्याने मान हलवली. "नाही हो. मागच्यासारखं नाही येत." पुन्हा म्हणाले. पुन्हा नाही. म्हणून म्हणून थकले. आवाज तसाच होता, अक्षरं स्वच्छ होती, पण डॉक्टरने तोंड इतकं झकास बरं केलं होतं की आई गं म्हणायला कारणच उरलं नव्हतं. थांबासाहेबांनी जबडा दाबून बघितला, दात एकमेकांवर रगडले. कवळी जागची हलेना आणि हिरडी दुखेना.

"राहू द्या," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "जुनंच लावू, पण त्यात आता खरखर आलीय."

"एकदा शेवटचं," बायको कोपऱ्यातून म्हणाली. ती स्टुलावरून उठली आणि येऊन नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. थांबासाहेबांनी माइककडे तोंड केलं. "पुढील थांबा, प्रसूतिगृह," ते म्हणाले, आणि ह संपता संपता बायकोने आपल्या चपलेची टाच त्यांच्या करंगळीवर ठेवून सगळा भार दिला. संसाराची सगळी वर्षं त्या भारात आली असावीत.

रेकॉर्डिंगवाला खुर्चीतून अर्धा उठला. "हेच," तो म्हणाला.

आता ती बस रोज धावते. थांबासाहेब खिडकीशी बसतात, शेजारी बायको. तो थांबा आला की सगळे हसतात, आणि एखादा ओळखीचा मागे वळून विचारतो, हा तुमचाच आवाज ना?

"नाव यांनी घेतलंय," बायको सांगते. "आई गं माझं आहे."